मुदत नसलेली कैद

'मुदत' हा शब्द आपल्या तोंडात दिवसातून दहा वेळा येतो. वीजबिलाची मुदत, अर्जाची मुदत, बँकेतली मुदत ठेव. शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि घरचाच होऊन गेला. त्याच धातूपासून अरबीत आणखी एक शब्द होतो, 'तम्दीद', म्हणजे मुदतवाढ. इस्रायलच्या लष्करी अंमलाखालच्या वेस्ट बँकेत, पॅलेस्टिनी घरांत हा शब्द ऐकला की काळजाचा ठोका चुकतो. घरातला मुलगा सहा महिन्यांपूर्वी उचलला गेलेला असतो. कागदावरची तारीख जवळ आलेली असते, त्याची खोली झाडूनपुसून ठेवलेली असते, आणि वकिलाचा फोन येतो: तम्दीद. आणखी सहा महिने. कशाबद्दल, ते सांगितलं जात नाही. त्यापुढे तरी सुटेल का, हेही कुणी सांगू शकत नाही.

या प्रकाराला प्रशासकीय स्थानबद्धता म्हणतात. पॅलेस्टिनी माणसं नुसतं 'इदारी' म्हणतात. अमक्याचा थोरला इदारीत आहे, एवढं म्हटलं की पुढचं सगळं ऐकणाऱ्याला कळतं.

'स्थानबद्ध' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. 'एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी' अशा बातम्या जिल्हा पानावर नेहमी असतात. एमपीडीए म्हणजे घातक कारवाया रोखण्यासाठीचा महाराष्ट्राचा कायदा. त्यामागची कल्पना नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नेहमीची अटक घडलेल्या गोष्टीसाठी होते. चोरी झाली, पुरावा मिळाला, आरोपपत्र आलं, खटला चालला, शिक्षा झाली किंवा माणूस सुटला. स्थानबद्धता होते ती पुढे घडू शकेल अशा गोष्टीसाठी. हा माणूस बाहेर राहिला तर काहीतरी करेल, असं अधिकाऱ्याला वाटतं, म्हणून त्याला आत ठेवायचं. घडलेल्या गोष्टीचं खंडन करता येतं. त्या दिवशी मी गावात नव्हतो, हा बघा साक्षीदार, असं म्हणता येतं. न घडलेल्या गोष्टीचं खंडन कसं करायचं?

म्हणूनच जिथे अशी सत्ता दिली जाते तिथे तिला वेसण घालतात. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार स्थानबद्ध माणसाला कारणं कळवावी लागतात. एमपीडीए कायद्यात ती पाच दिवसांच्या आत द्यावी लागतात, सल्लागार मंडळापुढे प्रकरण न्यावं लागतं, आणि एका आदेशाची कमाल मर्यादा बारा महिन्यांची आहे. ही वेसण पुरेशी आहे असं मी म्हणणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने असे कित्येक आदेश रद्द केले आहेत, यावरूनच ते किती सैल हाताने काढले जातात ते दिसतं. आणि वेसण सुटली की काय होतं, हे आणीबाणीत मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली कोंडलेल्या महाराष्ट्रातल्या मिसाबंदींच्या कुटुंबांना विचारावं. १९७५ मध्ये मिसा कायद्यात दुरुस्ती करून कारण कळवण्याचं बंधनच काढून टाकलं गेलं, आणि एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा कैदेविरुद्ध दाद मागण्याचं दार बंद केलं. ती आणीबाणी एकवीस महिन्यांनी संपली. वेस्ट बँकेत लष्करी अंमल १९६७ पासून आहे.

हे हत्यार आलं कुठून, याची कहाणी आपल्यालाही जवळची आहे. पुण्यात १८९७ साली, प्लेगच्या दिवसांत रँडचा खून झाल्यावर, सरदार नातू बंधूंना इंग्रज सरकारने खटला न चालवता कैदेत टाकलं. त्यासाठी मुंबई इलाख्याचा १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन धूळ झटकून बाहेर काढला होता. अशी कलमं हे ब्रिटिश साम्राज्याचं ठिकठिकाणी वापरलेलं अवजार होतं. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा ताबा असताना त्यांनी १९४५ साली संरक्षण व आणीबाणी नियम लागू केले. त्यात खटल्याशिवाय कैद होती, हद्दपारी होती, घरं पाडण्याचा अधिकार होता. त्या काळात या नियमांचा वरवंटा ज्यूंच्या सशस्त्र संघटनांवर फिरला. यित्झाक शमीर यांना १९४६ मध्ये पकडून थेट आफ्रिकेत, एरिट्रियाच्या छावणीत पाठवलं होतं. तिथून ते निसटले आणि पुढे इस्रायलचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी ज्यू वकिलांनी तेल अवीवमध्ये जमून या नियमांचा कडक शब्दांत निषेध केला होता. दोन वर्षांनी इस्रायल स्वतंत्र झाला, आणि ते नियम मात्र तसेच राहिले. ज्यांना ते नियम अंगावर सोसावे लागले, त्यांच्याच राज्याने पुढे ते दुसऱ्यांवर चालवले. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण आपल्याही इतिहासात इंग्रज गेले आणि त्यांची कलमं राहिली.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतलं. वेस्ट बँकेत त्याच महिन्यात लष्करी सेनापतीच्या हुकुमांचं राज्य सुरू झालं. संसद तो, सरकार तो. त्याने काढलेला हुकूम म्हणजे कायदा. ऑगस्ट १९६७ चा हुकूम क्रमांक १०१ दहा किंवा जास्त माणसांनी राजकीय कारणासाठी परवान्याशिवाय जमण्याला गुन्हा ठरवतो. असे शेकडो हुकूम निघाले. आज प्रशासकीय स्थानबद्धता ज्या हुकुमाखाली होते त्याचा क्रमांक १६५१. त्यात म्हटलं आहे की प्रदेशाच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर लष्करी सेनापती एखाद्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतो. सहा महिने संपले की नवा आदेश काढता येतो. किती वेळा काढावा याला मर्यादा नाही.

प्रत्यक्षात काय घडतं ते जरा जवळून पाहू. सैनिक बहुधा मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या आधी येतात. दार वाजतं, घरातल्या सगळ्यांना एका खोलीत गोळा करतात, ओळखपत्र पाहतात, माणसाचे हात प्लास्टिकच्या पट्टीने आवळतात, डोळ्यांवर फडकं बांधतात आणि जीपमध्ये घालतात. काही दिवसांत त्याच्या हातात एक कागद येतो. त्यावर नाव, तारखा आणि 'प्रदेशाच्या सुरक्षिततेला धोका' अशा अर्थाची एखादी ओळ. मग रामल्लाजवळच्या ओफर तळावर लष्करी न्यायाधीशापुढे आदेशाची तपासणी होते. हुकुमाची मूळ तरतूद आठ दिवसांच्या आत तपासणी करण्याची. ही सुनावणी बंद दाराआड चालते, आईवडिलांनाही आत प्रवेश नाही. न्यायाधीश लष्करी गणवेशात, सरकारी वकीलही गणवेशात. कामकाज हिब्रूत, आणि अरबीत सांगणारा दुभाषी म्हणजे आणखी एक सैनिक.

सुनावणीत एक क्षण असा येतो की कैदी आणि त्याचा वकील दोघांनाही बाहेर जायला सांगतात. आत उरतात न्यायाधीश, सरकारी पक्ष आणि 'शाबाक' या गुप्तचर खात्याचा कागद. त्या गोपनीय फायलीत काय आहे, कुणी सांगितलं, कधी सांगितलं, हे बचावाच्या वकिलाला कधीच दाखवत नाहीत. वकील परत आत येतो तेव्हा त्याला अंधारात बाण मारायचे असतात. माझा अशील असा नाही, एवढंच तो म्हणू शकतो, पण 'असा' म्हणजे कसा ते त्याला ठाऊक नसतं. वर अपिलाचं लष्करी न्यायालय आहे, त्याच्या वर जेरुसलेममधलं सर्वोच्च न्यायालय आहे. तिथेही फाईल तीच आणि तशीच बंद. एखाद्या शेजाऱ्याने जुन्या भांडणातून खोटं नाव सांगितलं असेल, चौकशीत मार खाऊन कुणी बोललं असेल, नावात गल्लत झाली असेल, तर ते उघड होणार कसं? उलटतपासणी हा न्यायाचा कणा आहे, आणि इथे नेमका तोच काढून घेतलेला आहे.

इस्रायलची बाजू काय, तीही नीट मांडायला हवी. सरकारचं म्हणणं असं की माहिती देणारे खबरे पॅलेस्टिनी समाजातच राहतात, पुरावा उघड केला तर त्यांचा जीव जाईल. आत्मघाती बॉम्बहल्ले इस्रायलने सोसले आहेत, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना पळवून नेलं गेलं. ते क्रौर्य होतं, आणि त्याला दुसरं नाव देऊ नये. कैदेत असलेल्यांपैकी काही जण खरोखरच हिंसेत गुंतलेले असतील. आंतरराष्ट्रीय कायदाही याकडे डोळेझाक करत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ७८ व्या कलमात व्याप्त प्रदेशातल्या माणसाला सुरक्षिततेच्या अटळ कारणासाठी स्थानबद्ध करायला मुभा आहे. पण ती अपवादासाठी आहे, एकेका माणसाचं प्रकरण वेगळं पाहून, दुसरा काहीच उपाय उरला नसेल तेव्हासाठी. पहिल्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावाच्या काळात, १९८९ च्या नोव्हेंबरात, असे सुमारे १,७९० जण एका वेळी आत होते. ऑक्टोबर २०२३ च्या आधी १,३०० च्या आसपास होते. २०२४ मध्ये हा आकडा ३,००० च्या पुढे गेला. हजारोंच्या घरात गेलेल्या गोष्टीला अपवाद म्हणणं मला पटत नाही.

आणि खबऱ्यांचा जीव वाचवण्याचा युक्तिवाद खरा असेल, तर तो सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. वेस्ट बँकेत सुमारे तीस लाख पॅलेस्टिनी राहतात आणि, पूर्व जेरुसलेम सोडून, पाच लाखांच्या आसपास इस्रायली वसाहतवाले. रस्ता एक, टेकडी एक. दोघांनी एकाच दिवशी एकच गुन्हा केला असं धरा. वसाहतीतल्या तरुणाला इस्रायलचा मुलकी कायदा लागतो आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. खालच्या गावातल्या पॅलेस्टिनी तरुणाला लष्करी हुकूम लागतो, आणि त्याच्यासाठी ही मुदत चार दिवसांची असू शकते. सुरक्षेच्या गुन्ह्याचा संशय असेल तर त्याला साठ दिवसांपर्यंत वकिलाची भेट नाकारता येते. प्रशासकीय स्थानबद्धता काही ज्यू वसाहतवाल्यांवरही वापरली गेली होती, तुलनेने अगदी मोजक्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्री इस्रायल कात्झ यांनी जाहीर केलं की वसाहतवाल्यांसाठी ती यापुढे वापरली जाणार नाही. पॅलेस्टिनींसाठी ती चालूच राहिली. पूर्व जेरुसलेमला इस्रायलने आपला कायदा लावला आहे, आणि गाझातल्या माणसांसाठी २००२ चा 'बेकायदेशीर लढवय्ये' कायदा आहे, त्यातही खटल्याशिवाय कैद आहेच.

ज्यांच्यावर आरोपपत्र दाखल होतं त्यांचं तरी बरं असेल, असं वाटू शकतं. लष्करी न्यायालयांच्या स्वतःच्याच अहवालानुसार २०१० साली तिथे दोषी ठरण्याचं प्रमाण ९९.७४ टक्के होतं. हे कसं घडतं? दगडफेकीचा आरोप असलेला पंधरा वर्षांचा मुलगा घ्या. हुकूम १६५१ नुसार चालत्या वाहनावर दगड फेकण्याला कमाल वीस वर्षांची शिक्षा आहे, प्रत्यक्षात ती महिन्यांमध्ये मोजली जाते. जामीन बहुधा मिळत नाही. खटला लढायचा तर साक्षीदार येईपर्यंत, तारखा पडेपर्यंत वर्ष उलटू शकतं, आणि तोवर तो आतच राहणार. सरकारी वकील म्हणतो, कबूल कर, काही महिन्यांत घरी जाशील. वकील आईवडिलांना हे गणित समजावून सांगतो. निर्दोष असला तरी कबूल करणंच स्वस्त पडतं. बाप मान हलवतो, मुलगा 'हो' म्हणतो, आणि ९९ टक्क्यांत एकाची भर पडते.

मुलांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. वेस्ट बँकेत बारा वर्षांच्या मुलावर लष्करी न्यायालयात खटला चालू शकतो. २०११ पर्यंत सोळाव्या वर्षीच पॅलेस्टिनी मूल प्रौढ धरलं जाई, त्यानंतर ती मर्यादा अठरावर नेली. युनिसेफने २०१३ मध्ये या मुलांच्या कैदेचा अभ्यास केला आणि लिहिलं की अटकेपासून शिक्षेपर्यंत त्यांना मिळणारी वाईट वागणूक सर्वदूर आणि पद्धतशीर दिसते. जगाला यातलं एक नाव माहीत झालं, नबी सालेह गावची अहद तमीमी. अंगणात आलेल्या सैनिकाला तिने थप्पड मारली, डिसेंबर २०१७ मध्ये रात्री उचलली गेली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि आठ महिन्यांची शिक्षा झाली. तिचं चित्रीकरण झालं होतं म्हणून आपल्याला नाव कळलं. बाकीच्यांचं होत नाही.

जिनिव्हा कराराचं ७६ वं कलम सांगतं की व्याप्त प्रदेशातल्या कैद्याला त्याच प्रदेशात ठेवलं पाहिजे. पॅलेस्टिनी कैद्यांचे तुरुंग, ओफर वगळता, जवळपास सगळे इस्रायलच्या हद्दीत आहेत: उत्तरेला मेगिद्दो आणि गिलबोआ, स्त्रियांसाठी दामोन, खाली नेगेव्हच्या वाळवंटात केत्झिओत आणि नफ्हा. इस्रायल म्हणतं, हा करार या प्रदेशाला कायदा म्हणून लागूच नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये तो लागू आहे असं स्पष्ट केलं, आणि १९ जुलै २०२४ च्या मतात तर हा कब्जाच बेकायदेशीर असल्याचं म्हटलं. कायद्याची ही भाषा घरात उतरते ती अशी: रामल्लाच्या बाईला मुलाला भेटायचं तर आधी इस्रायलमध्ये शिरण्याचा परवाना हवा. तो 'सुरक्षेच्या कारणास्तव' नाकारला गेला की भेट संपली. कैद्याला तुरुंगातून न्यायालयात नेणाऱ्या गाडीला कैदी 'बोस्ता' म्हणतात. आत लोखंडी बाकं, हातपाय साखळीत, आणि काही मिनिटांच्या सुनावणीसाठी तासन्‌तासांचा, वाटेत मुक्काम पडला तर दिवसांचा प्रवास. प्रकृती नाजूक असलेले कैदी या गाडीला घाबरून दवाखान्यात जाणं टाळतात.

ज्याच्यापाशी वकिलाचा उपयोग उरत नाही, त्याच्यापाशी शरीर उरतं. २०११ च्या डिसेंबरात जेनिनजवळच्या अराबा गावच्या खदर अदनान यांना इदारीत टाकलं. बेकरीचा व्यवसाय करणारा हा माणूस इस्लामिक जिहाद संघटनेशी जोडलेला होता, आणि त्या संघटनेच्या हिंसेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्यांच्यावर आरोप ठेवा आणि खटला चालवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ६६ दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, शेवटी सुटकेची तारीख मिळवली. त्यांच्यामागून शेकडो कैद्यांनी हा मार्ग धरला. अशा उपोषणाला तिकडे 'मै व मिल्ह' म्हणतात, पाणी आणि मीठ. तेवढंच घ्यायचं. २०२० मध्ये माहेर अल्-अख्रस यांनी १०३ दिवस, पुढच्या वर्षी हिशाम अबू हव्वाश यांनी १४१ दिवस उपोषण केलं, दोघेही इदारीतले. खदर अदनान पुन्हा पुन्हा पकडले गेले. शेवटच्या वेळी आरोपपत्र होतं, खटला सुरू व्हायचा होता, आणि २ मे २०२३ रोजी, ८६ दिवसांच्या उपोषणानंतर, ते कोठडीत मृतावस्थेत सापडले.

पॅलेस्टिनी सत्ताधारीही धुतल्या तांदळासारखे नाहीत. रामल्लातलं पॅलेस्टिनी प्रशासन आणि गाझातला हमास, दोघांनीही टीकाकारांना कोंडलं आहे, छळलं आहे. सामान्य माणूस दोन्हीकडून भरडला जातो. पण या माणसाला ओळखपत्र कोण देतं, हद्द कोण ओलांडू देतं आणि रात्री त्याचं दार कोण ठोठावू शकतं, याचा अखेरचा अधिकार लष्करी सेनापतीकडे आहे, आणि त्याला त्यांच्यापैकी कुणीही मत दिलेलं नाही.

जे हे सगळं नोंदवतात, त्यांच्यावरही हात पडला आहे. कैद्यांची बाजू लढवणाऱ्या 'अद्दमीर'सह सहा पॅलेस्टिनी संस्थांना इस्रायलने ऑक्टोबर २०२१ मध्ये दहशतवादी ठरवलं. अद्दमीरचे वकील सलाह हम्मूरी यांना मार्च २०२२ मध्ये इदारीत घेतलं आणि डिसेंबरात फ्रान्सला हद्दपार केलं. जेरुसलेममध्ये जन्मलेला माणूस त्याच्या शहरातून गेला. इस्रायलमधल्या 'बेत्सेलेम' आणि 'हामोकेद' या संस्था मात्र वर्षानुवर्षं चिकाटीने आकडे मिळवतात, घरच्यांना कैद्याचा ठावठिकाणा शोधून देतात. या लेखातले बरेचसे आकडे आपल्याला माहीत आहेत ते अशा इस्रायली माणसांमुळेही.

ऑक्टोबर २०२३ नंतर तुरुंगाची भिंत आणखी उंच झाली. कोठड्यांत दाटी, अन्नात कपात, मारहाण. बेत्सेलेमने ऑगस्ट २०२४ मध्ये सुटून आलेल्यांच्या साक्षी प्रसिद्ध केल्या. वजन किती घटलं ते माणसांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले की दिसतं. कोठडीत कित्येक डझन पॅलेस्टिनींचा मृत्यू झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केलं की सरकार या कैद्यांना पुरेसं अन्न देत नाही, आणि ते देण्याचा आदेश दिला.

घरच्यांच्या भेटी त्या ऑक्टोबरपासून बंद झाल्या. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींनाही तुरुंगात जाऊ दिलं गेलं नाही. पूर्वी कैदी पातळ कागदावर बारीक अक्षरात पत्र लिहीत, त्याची गुंडाळी प्लास्टिकमध्ये बंद करून सुटणाऱ्याबरोबर बाहेर धाडत, तिला 'कब्सूला' म्हणत, म्हणजे कॅप्सूल. आता कुणी सुटून गावात आला की त्याच्या दारात माणसं जमतात. तो अजून धड उभाही राहू शकत नसतो. एकेक आई पुढे होते, मोबाइलवरचा मुलाचा फोटो त्याच्यासमोर धरते आणि विचारते, तुझ्या कोठडीत हा होता का, जेवतो का, थंडीत अंगावर काही आहे का त्याच्या.